पराभवाचा धनी कोण?

फुटबॉलच्या मैदानावर भारत हरला ही आता बातमी राहिलेली नाही. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर झालेला पराभव गोमंतकीयांच्या जिव्हारी लागला, आणि तो लागणे साहजिकच होते. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतील तो सामना. प्रतिस्पर्धी सिंगापूर, म्हणजे लोकसंख्येने आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढे राष्ट्र. चौदाव्या मिनिटाला छांगटेने गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. मध्यांतराच्या तोंडावर सोंग उइ-यंग ह्या खेळाडूने बरोबरी साधली, आणि उत्तरार्धात त्यानेच दुसरा गोल चढवला. २०२७ च्या आशियाई चषकाचा भारताचा मार्ग तेथेच, आपल्या अंगणात, खुंटला. त्यानंतर जिकडेतिकडे एकच घोष सुरू झाला. प्रशिक्षक खालिद जमील यांनी पायउतार व्हावे, आणि न होतील तर ‘ताका काडून उडयात’! मराठीत लिहिणाऱ्यांनी तेच अधिक संस्कृतप्रचुर शब्दांत लिहिले, एवढाच काय तो फरक.

ह्या घोषाचा समाचार घेण्यासाठीच प्रस्तुत लेखकाने लेखणी उचलली आहे. खालिद जमील यांच्याविषयी त्यास विशेष ममत्व आहे असे नाही. परंतु अठराव्या महिन्यात तिसरा प्रशिक्षक दोषी ठरावा, आणि प्रत्येक वेळी दोषारोपाची भाषा शब्दशः तीच असावी, ह्यात आपल्या विचारशक्तीचा आळस दिसतो. त्याबद्दल कोणीतरी स्पष्ट बोलणे अवश्य आहे.

प्रथम जे मान्य करावयाचे ते मोकळ्या मनाने मान्य करू. प्रशिक्षक हा देव्हाऱ्यातील मूर्ती नव्हे. त्याच्या हातून चुका होतात आणि त्या चुकांचा जाब त्यास विचारलाच पाहिजे. अकरा जण कोण निवडावेत, कोणास कोठे उभे करावे, कोणास केव्हा बाहेर घ्यावे, आघाडी हाती असता खेळ आवरता घ्यावा की वाढवावा, हे निर्णय सर्वस्वी त्याचे असतात. इगोर स्टिमॅक यांचेच उदाहरण घ्या. २०२३ सालच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत, बंगळूरला, ह्या गृहस्थांना पंचांनी दोनदा लाल पत्र दाखवून बाहेर घालवले. एकदा पाकिस्तानविरुद्ध आणि एकदा कुवेतविरुद्ध. आपल्या तोंडास आवर घालणे हे तर महासंघाच्या हाती नव्हते ना! तेथे दोष त्यांचाच, आणि तो त्यांच्या पदरात घातला तर कोणी तक्रार करू नये. फातोर्ड्यातही आघाडी मिळाल्यावर बचावफळी इतकी विस्कळीत का झाली हा प्रश्न खालिद यांना अवश्य विचारावा. मात्र तो विचारताना हेही ध्यानात घ्यावे की बचावाचा आधारस्तंभ संदेश झिंगन पाच दिवसांपूर्वी सिंगापुरात बाहेर काढला गेला होता, आणि म्हणून त्या दिवशी मैदानावर नव्हता.

येथवर टीकाकारांशी आमचे भांडण नाही. भांडण सुरू होते ते ह्यापुढे, जेव्हा एका सामन्यातील चुकीचा जाब आणि वर्षानुवर्षांच्या अपयशाचे खापर ह्या दोन भिन्न गोष्टी एकाच मडक्यात घातल्या जातात.

मानोलो मार्केझ यांची कथा गोव्यातील वाचकांस तरी सांगावयास नको, पण ग्वाल्हेर-इंदूरकडील वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. जुलै २०२४ मध्ये भारतीय संघाची धुरा ह्या स्पॅनिश प्रशिक्षकाकडे आली, तेव्हा ते एफसी गोवा ह्या आपल्या क्लबचेही प्रशिक्षक होते, आणि महासंघाच्या संमतीने त्या पदावर राहिले. म्हणजे एकाच माणसाच्या हाती एकाच हंगामात दोन संघ. निकाल काय लागला? क्लबच्या बाबतीत गोवा साखळीत दुसऱ्या क्रमांकावर आला, आणि ३ मे २०२५ रोजी भुवनेश्वरला सुपर कप जिंकला. राष्ट्रीय संघाच्या बाबतीत आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. शिलाँगला बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी, आणि १० जून २०२५ रोजी हाँगकाँगमध्ये, अगदी शेवटच्या क्षणी दिलेल्या पेनल्टीवर, पराभव. जुलैत त्यांनी महासंघाचा निरोप घेतला.

आता टीकाकारांनी आम्हास समजावून द्यावे. हा मनुष्य सोमवारी विद्वान आणि मंगळवारी मूर्ख होत होता काय? मांडवी ओलांडताना त्याची विद्या गळून पडत होती काय? क्लबमध्ये त्यास तेच खेळाडू महिनोन्‌महिने, दररोज सकाळी मैदानावर मिळत होते. राष्ट्रीय संघात तो त्यांना मोजके दिवस भेटत होता. आणि गोल करण्यासाठी त्यास ज्याला हाक मारावी लागली तो सुनील छेत्री २०२४ च्या जूनमध्ये निवृत्त झालेला, वयाच्या चाळिशीत पोहोचलेला होता. घरात तरुण मुले असताना निवृत्त आजोबांना पुन्हा कचेरीत पाठवावे लागत असेल, तर त्या घराची घडी कोणी विसकटली हे पाहावे. आजोबांना बोलावणाऱ्याच्या नावे बोटे मोडून काय उपयोग!

आणि ह्या कथेतील विनोद तर पुढेच आहे. भुवनेश्वरच्या त्या अंतिम सामन्यात मानोलोंच्या गोव्याने ज्या जमशेदपूरला ३-० असे हरवले, त्या जमशेदपूरचे प्रशिक्षक होते खालिद जमील. तीन महिन्यांनी जिंकणारा गेला आणि हरणारा त्याच्या खुर्चीवर आला. खालिद ह्यांची योग्यता कमी आहे असा ह्याचा अर्थ मुळीच नव्हे. ज्याने २०१७ साली आयझॉलसारख्या लहान क्लबला देशाचे विजेतेपद मिळवून दिले त्याची योग्यता कोण नाकारील? परंतु प्रशिक्षकाच्या गुणावगुणांवर राष्ट्राचे भवितव्य अवलंबून आहे असे मानणाऱ्यांनी ह्या अदलाबदलीचा अर्थ लावून दाखवावा.

ज्यांना ही घटना अपवाद वाटते त्यांच्यासाठी आणखी एक, आणि तीही आपल्याच मातीतील. आर्मांदो कुलासो ह्या गोमंतकीय प्रशिक्षकाने धेंपो क्लबला राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली होती. २०११ साली भारतीय संघ त्यांच्या हाती आला. जुलैमध्ये विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात, अल ऐन येथे, दोन भारतीय खेळाडू पूर्वार्धातच बाहेर काढले गेले आणि अमिरातीने ३-० असा विजय मिळवला. दिल्लीतील परतीचा सामना २-२ बरोबरीत सुटला. काही महिन्यांतच कुलासोंचे ते पद गेले. आणि त्याच हंगामाच्या अखेरीस, २०१२ साली, धेंपो पुन्हा देशाचा विजेता ठरला. प्रशिक्षक अर्थातच कुलासो. देशासाठी निरुपयोगी ठरलेला हाच मनुष्य देशातील सर्वश्रेष्ठ क्लब घडवत होता!

महाभारताचे पारायण ज्यांच्या घरी होत आले आहे त्यांना येथे उद्योगपर्वापासूनच्या काही गोष्टी आठवतील. कौरवांच्या बाजूने युद्ध अठरा दिवस चालले. भीष्म दहा दिवस सेनापती होते, द्रोण पाच दिवस, कर्ण दोन, आणि शल्य तर अर्धाच दिवस. मांडी फुटून पडल्यावरही दुर्योधनाने अश्वत्थाम्यास अभिषेक केला. पाच सेनापती झाले. सिंहासनावरचा मनुष्य एकच राहिला. ह्यातील एकही सेनापती सामान्य नव्हता. भीष्मद्रोणांच्या युद्धकौशल्यास नावे ठेवणारा अजून जन्मास यावयाचा आहे. उणे होते ते अन्यत्र. जो कर्ण दुर्योधनाचा खरा भरवसा, तो मानापमानाच्या वादात पहिले दहा दिवस शिबिरात बसून राहिला, आणि राजा ते पाहत राहिला.

कोणा व्यक्तीस दुर्योधन म्हणण्याचा आमचा हेतू नाही. दृष्टान्त फक्त खुर्चीचा आहे. २०११ च्या आरंभापासून २०२५ च्या अखेरीपर्यंत भारतीय संघास आठ प्रशिक्षक लाभले. हाउटन, कुलासो, सावियो मेदेरा, कोव्हरमन्स, कॉन्स्टंटाइन, स्टिमॅक, मार्केझ आणि खालिद. इंग्रज झाले, गोमंतकीय झाले, डच, क्रोएशियन आणि स्पॅनिश झाले. ह्याच काळात महासंघाच्या अध्यक्षपदी २०२२ पर्यंत एकच व्यक्ती होती. आणि निवडणूक वेळेवर न झाल्यामुळे ती कारकीर्द संपवावयास अखेर सर्वोच्च न्यायालयास हात घालावा लागला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने भारतीय महासंघास काही दिवस निलंबितही केले. त्या निलंबनाबद्दल कोणत्या प्रशिक्षकास दोषी धरावयाचे?

आणि शिबिरात बसून राहिलेल्या कर्णाचे म्हणाल, तर तोही येथे आहेच. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेसाठी क्लब खेळाडू सोडावयास तयार होईनात. शेवटी कसाबसा गोळा केलेला संघ सामन्याच्या आदल्या दिवशी चीनमध्ये उतरला आणि दुसऱ्या दिवशी यजमानांकडून ५-१ असा हरला. त्यानंतरच्या जानेवारीत कतारमध्ये आशियाई चषक होता. स्टिमॅक चार आठवड्यांचे शिबिर मागत होते. साखळी स्पर्धा २९ डिसेंबरपर्यंत चालली आणि पहिला सामना १३ जानेवारीस होता. वाचकांनी गणित स्वतः करावे. ऑस्ट्रेलियासमोर मध्यांतरापर्यंत गोल न होऊ देणारा तो संघ अखेरीस तिन्ही सामने हरला, आणि त्यास तीन सामन्यांत एकही गोल करता आला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये खालिद यांच्या पहिल्याच स्पर्धेच्या वेळी मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. तरीही त्या स्पर्धेत भारताने ताजिकिस्तानला त्याच्या घरी हरवले आणि ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला. तेव्हा ह्याच मंडळींनी खालिद यांना डोक्यावर घेतले होते. पाच आठवड्यांत मस्तकावरचा मनुष्य पायदळी आला.

आपल्या देवस्थानांच्या व्यवहारात वावरणाऱ्यांना ही रीत अपरिचित नाही. उत्सवाच्या दिवशी पाचशे पाने मांडली जाणार हे ठाऊक असता भांडारातून तांदूळ तीनशेंचाच निघतो. नारळ येतात ते दुपारी. जळण ओले असते. पंगत बसते, भात कमी पडतो, आणि महाजनांपैकीच कोणीतरी उठून सर्वांदेखत आचाऱ्यास खडसावतो. आचारी मान खाली घालतो, कारण त्यास पुढच्या वर्षी पुन्हा यावयाचे असते. महाजनांच्या सभेत भांडाराचा हिशेब मात्र निघत नाही. एखाद्या वर्षी भातास खरोखरच जळका वास येतो, आणि तो दोष आचाऱ्याचाच असतो. त्याबद्दल त्यास बोलावे. परंतु जो भात शिजलाच नाही, त्याबद्दल त्यास काय बोलावयाचे?

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की संघ तर प्रशिक्षकच निवडतो. मग सबब कसली? खरे आहे, निवडतो. पण कशातून? आपल्या वरिष्ठ साखळीत प्रत्येक संघास एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येतात, आणि गोल करण्याची जागा बहुधा त्यांच्याकडेच जाते. क्लबांचाही त्यात दोष नाही, त्यांना सामने जिंकावयाचे असतात. परिणाम असा, की ज्या जागेवर राष्ट्रास मनुष्य हवा त्याच जागेवर तो वाढत नाही. राष्ट्रीय प्रशिक्षकास आघाडीवर उभा करावयास जो मिळतो तो आपल्या क्लबात कडेने खेळणारा असतो, नाही तर बाकावर बसणारा. हाँगकाँगच्या सामन्यात पूर्वार्धात समोर मोकळा गोल असता चेंडू बाहेर गेला, तो मानोलोंच्या पायाने गेला नव्हता.

दुसरा आक्षेप असा, की सर्व जगात हीच रीत आहे. संघ हरला की प्रशिक्षक जातो. रीत आहे हे खरे, पण तिचे फळ काय? इंग्लंडला १९६६ साली विश्वचषक जिंकून देणाऱ्या आल्फ रॅम्सी यांना १९७४ साली घरी पाठवण्यात आले, कारण त्या वर्षीच्या विश्वचषकास इंग्लंड पात्र ठरले नव्हते. पुढच्या, १९७८ च्या विश्वचषकासही इंग्लंड पात्र ठरले नाही. उलट फ्रान्सने २०१६ साली पॅरिसमध्ये, स्वतःच्या घरी, युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना गमावूनही देशाँ यांना ठेवले, आणि दोन वर्षांनी ते मॉस्कोहून विश्वचषक घेऊन परतले. एवढ्यावरून सिद्धांत निघतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु जगाची रीत म्हणून जे सांगितले जाते ते जगातही सर्वत्र लागू नाही, एवढे खास.

आणि इतके दूर तरी का जावे? हैदराबादच्या वाचकांना सय्यद अब्दुल रहीम हे नाव सांगावयास नको. पेशाने शिक्षक असलेल्या ह्या मनुष्याने भारतीय फुटबॉलला जे दिले ते त्यानंतर कोणी दिलेले नाही. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या संघाने सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारतास १०-१ असे लोळवले. दहा गोल! थंडीने गारठलेले आपले खेळाडू, त्यांतील कित्येक अनवाणी. आजचे टीकाकार त्या दिवशी असते तर रहीम साहेबांना बोटीवरही चढू दिले नसते. पण तेव्हा झाले ते असे, की महासंघाने अनवाणी खेळणे बंद करून बूट सक्तीचे केले. म्हणजे व्यवस्थेने आपली चूक आपल्या अंगावर घेतली. आणि १९५६ साली मेलबर्नला संघ गेला तो पुन्हा रहीम यांच्याच हाताखाली. तेथे त्याने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, मूळच्या गोमंतकीय अशा नेव्हिल डिसोझाने एकाच सामन्यात तीन गोल केले, आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. जेथवर आशिया खंडातील कोणताही संघ तोपर्यंत पोहोचला नव्हता तेथवर तो पोहोचला.

१९६२ ची जकार्ता तर ह्याहून बोलकी आहे. तेथील पहिलाच सामना भारत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला होता. रहीम तेव्हा कर्करोगाने पोखरले गेले होते. अंतिम सामना पुन्हा त्याच कोरियाशी पडला. रहीम यांनी डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला, जो मूळचा बचावपटू, आघाडीवर उभे केले. एका पी. के. बॅनर्जी यांचा आणि एक जर्नेलचा असे दोन गोल झाले, आणि विरोधी प्रेक्षकांच्या गोंगाटात भारताने २-१ असे सुवर्णपदक जिंकले. पुढच्या जूनमध्ये रहीम निवर्तले. पहिल्या पराभवानंतर त्यांच्यावर अविश्वास दाखवला असता, तर तो युक्तिवादही आजच्याइतकाच सयुक्तिक दिसला असता. ०-२ हा आकडा काही लपण्यासारखा नव्हता.

एक उपकथा येथे टाळवत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात वर्तमानपत्रांनी असे छापले, की आदल्या वर्षीच्या पात्रता सामन्यांपूर्वी राष्ट्रीय संघातील खेळाडूंची नावे एका ज्योतिषाकडे पाठवून कोणाचे ग्रह अनुकूल आहेत हे विचारले जात होते, आणि ही गाठ महासंघाच्याच एका अधिकाऱ्याने घालून दिली होती. ह्या मासिकाच्या वाचकांत पंचांग पाहणारे पुष्कळ असतील; प्रस्तुत लेखकाच्या घरीही ते भिंतीवर आहे. परंतु मुहूर्त पाहून लग्न लावले म्हणून वधूवरांची चौकशी करावयाची नसते, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. मैदाने, शिबिरे, लहान मुलांच्या स्पर्धा, ह्या गोष्टी ज्यांनी पाहावयाच्या त्यांनीच त्या आकाशातील ग्रहांवर सोपवल्या तर पराभवाचे कारण शोधावयास फार लांब जावे लागत नाही.

आता आपल्याकडे वळू, कारण गोवेकराने फातोर्ड्यातील पराभवावर बोलताना आपले आंगणही पाहिले पाहिजे. ज्या भूमीने ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक आणि कर्णधार देशास दिला, त्या भूमीतील साळगावकर आणि स्पोर्टिंग ह्या क्लबांनी २०१६ साली राष्ट्रीय साखळीतून अंग काढून घेतले. मागोमाग धेंपोही गेला. कारण उघड होते. नव्या, श्रीमंत स्पर्धेस वरचे स्थान देण्याचे महासंघाने योजले, आणि ह्या जुन्या क्लबांना, त्यांनी मिळवलेल्या विजेतेपदांसकट, खालच्या पायरीवर बसावयास सांगितले. धेंपो परत येण्यास २०२४ साल उजाडावे लागले. त्या आठ वर्षांत बार्देश-सासष्टीच्या ज्या मुलांनी ह्या तीन क्लबांतून देशाच्या पातळीवर खेळावयाचे, ती कोठे गेली? कोणी आखातात गेली असतील, कोणी बोटीवर, कोणी पोर्तुगालचे पारपत्र काढून परदेशी. २०१६ साली त्या क्लबांसाठी फातोर्ड्यात किती जणांनी घोष केला? त्या वेळी काढून उडवावयाची माणसे वेगळी होती, आणि त्यांची नावे उच्चारण्यास धैर्य लागले असते. प्रशिक्षकाचे नाव घ्यावयास काही लागत नाही. तो समोर उभा असतो, एकटा असतो, आणि बहुधा परगावचा असतो.

सिंगापूरनंतर १८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेशाने भारतास १-० असे हरवले; २००३ नंतर प्रथमच. पुन्हा तोच घोष झाला. त्या वेळी देशातील वरिष्ठ साखळी स्पर्धा बंद होती. ती चालवण्याविषयीचा २०१० सालचा पंधरा वर्षांचा करार संपत आला होता, नवा झालेला नव्हता, जुलैपासून हंगाम तहकूब होता, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते. ज्यांना हंगामाचा एकही साखळी सामना खेळावयास मिळाला नव्हता अशा खेळाडूंना घेऊन खालिद ढाक्यास गेले होते. ८ डिसेंबरला तो करार संपला, तेव्हाही एकही सामना झालेला नव्हता. त्या दिवशी मात्र कोणाचा राजीनामा मागितल्याचे आमच्या वाचनात आले नाही.